आंबटात मुरवलेले चणे

कारखान्यात मला सगळे वस्ताद म्हणतात. हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं ते आठवत नाही, म्हणजे बहुधा मीच दिलं असणार. आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांचा. पुढे भट्टी, मध्ये गोदाम आणि मागे, जिथे भट्टीची धग उन्हाळ्यातही फुकट मिळते, तिथे आमचं कॅन्टीन. मी तिथला मुख्य स्वयंपाकी. मुख्य म्हणजे मटणाचा. डाळ, भात, भाजी ही कामं पलीकडच्या शेगड्यांवर दोघंतिघं करतात, आणि त्यांच्याकडे मी इतकी वर्षं असा बघत आलो, जणू त्यांना मीच पोसतोय.

माझं पोट माझ्या आधी खोलीत शिरतं, असं बायको म्हणते. ते खोटं नाही. पण स्वयंपाकी हडकुळा असला तर लोकांचा जेवणावर विश्वास बसत नाही, असं मी तिला समजावतो. त्यावर ती म्हणते, मग लोकांचा विश्वास जिना चढताना एवढ्या धापा का टाकतो?

विद्या म्हणाल तर माझ्याकडे एकच. भांडी घासायला म्हणून या स्वयंपाकघरात आलो, तेव्हा इथले म्हातारे मुख्य स्वयंपाकी मला म्हणाले होते, जनावर कितीही चिवट असू दे, आदल्या संध्याकाळी दही, लिंबू आणि मीठ लावून ठेव. सकाळी ते शहाण्यासारखं वागतं. या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. बायकोच्या वडिलांनी मला आधी साफ नकार दिला होता. त्यांनाही मी वर्षभर डबे पाठवून असंच मुरवलं. दुसरी विद्या शिकायची वेळच आली नाही, आणि आली असती तरी शिकलो नसतो, कारण वस्तादाला शिकवणार कोण?

मुलगी मात्र शिकली. आहारशास्त्र शिकली आणि शिकता शिकता तिने मटण सोडलं. मी वरवर हसून सोडून दिलं आणि आतून महिनाभर फुगून बसलो. मग एका सकाळी ती मला मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली दिसली. मला वाटलं, माझा चष्मा घरी राहिला असेल, तो द्यायला आली. तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "वस्ताद, या आपल्या नव्या आहार अधिकारी. कॅन्टीन आता यांच्या हाताखाली." मी खिशात हात घातला. चष्मा खिशातच होता.

घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असतं तर मी साहेबांकडे जाऊन शब्द टाकला असता, आणि माझ्या शब्दाने तिची नोकरी नक्की गेली असती. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण मी ते तिच्याकडून ऐकून घेतलं नाही.

तिला घेण्यामागे कारणं दोन. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा भट्टीवरच्या निम्म्या लोकांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. आणि वरच्या कचेरीतून हुकूम आला होता की कारखान्यामुळे हवेत जे काही जातं ते कमी करा. आता भट्टी तर विझवता येत नाही. तेव्हा साहेबांनी ठरवलं, ताटापासून सुरुवात करू. आठवड्यातून दोन दिवस मटण बंद, त्याऐवजी कडधान्यं.

मुलगी घरी मला बाबा म्हणते, तिथे वस्ताद म्हणायला लागली. मी तिला तिथे मॅडम म्हणायचं असं ठरलं. पहिल्याच दिवशी चार लोकांत मी म्हणालो, "मॅडम, पाणी पीत जा गं जरा." सगळे खाली मान घालून हसले. मॅडमही हसल्या, पण पाणी प्यायल्या नाहीत.

तिने सगळ्या कामगारांना जेवणघरात बसवून योजना समजावून सांगितली. मी शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून, तोंडावर जमेल तेवढी शंका आणून बसलो होतो. ती म्हणाली, "जनावर वाढवायला चारा लागतो, पाणी लागतं, जमीन लागते. आपण त्याला जेवढं खाऊ घालतो त्यातलं थोडंच आपल्या ताटात परत येतं. तेच दाणे आपण सरळ खाल्ले तर कमी जमिनीत जास्त माणसं जेवतात. शिवाय रवंथ करणारी जनावरं ढेकरा देतात, त्यातल्या वायूने हवा तापते."

भट्टीवरच्या लोकांचा एक पुढारी आहे. आयुष्यभर भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे तो कानगोष्टही ओरडूनच सांगतो, म्हणून त्याला सगळे तोफ म्हणतात. तोफ म्हणाला, "मॅडम, ढेकरा तर माझे सासरेही देतात. त्यांचं काय करायचं?"

सगळं जेवणघर हसलं. ती म्हणाली, "त्यांना राहू द्या. कडधान्यं सुरू झाली की पहिले काही दिवस तुम्ही सगळेच हवा तापवणार आहात."

या उत्तरावर तोफेने टाळी वाजवली. मला तेव्हा इतका अभिमान वाटला की तोंडावरची शंका घसरली, ती परत जागेवर आणायला वेळ लागला.

पण साहेब हिशोबी माणूस. त्यांनी तिला सांगितलं होतं, आधी एक दिवस करून बघा. जेवण झाल्यावर उष्ट्याची बादली वजन करू. रोजच्यापेक्षा जड भरली तर योजना बंद, आणि मग आहार अधिकारी ठेवायचं आम्हाला काही कारण नाही. ही तिची पहिली नोकरी. ती गेली तर दुसरी दूरच्या शहरात शोधावी लागणार होती, आणि एकदा गेलेली मुलगी मग सुट्टीपुरतीच घरी येते, हे मला शेजारपाजारच्या घरांवरून ठाऊक होतं.

तेव्हा माझ्या मनाची अवस्था सांगतो. मुलगी जिंकावी असं मला फार वाटत होतं. फक्त ती जिंकत असताना लोकांनी अधूनमधून माझ्या मटणाची आठवण काढून डोळे पुसावेत, एवढीच इच्छा होती.

आदल्या दिवशी ती पांढऱ्या चण्यांची पोती घेऊन आली. "वस्ताद, साध्या पाण्यात भिजवा, मऊ होईपर्यंत शिजवा. आंबट काही घालायचं असेल तर अगदी शेवटी."

"हो, मॅडम," मी म्हणालो. आणि ती गेल्यावर चण्यांकडे बघत बसलो. मुलीच्या आयुष्यातला पहिला मोठा दिवस, आणि बापाने काय करायचं, तर चणे साध्या पाण्यात टाकायचे? एवढं तर कुणीही करेल. मग वस्ताद कशाला? मला वाटलं, आपल्याकडे जे उत्तमात उत्तम आहे ते आज हिच्यासाठी काढायचं. मी दह्याची सगळी पातेली मागवली. लिंबं चिरून घेतली. मीठ, लसूण, आलं वाटून चण्यांना स्वतःच्या हाताने चोळलं, बुडेपर्यंत दही-पाणी घातलं आणि भरल्या अंतःकरणाने, म्हणजे प्रेमाने, झाकण ठेवून थंड कोठीत ठेवून दिले. पलीकडच्या शेगडीवरचे एक काका म्हणाले, "वस्ताद, चण्यांना दही?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पातेलं घासायला निघून गेले.

सकाळी मोठ्या आचेवर चणे चढवले. वास असा सुटला की गोदामातले लोक उगाच दोनदा चकरा मारून गेले. तासाभराने मी एक चणा काढून दाताखाली धरला. तो तसाच राहिला. मी म्हटलं, वेळ लागणारच, मोठं पातेलं आहे. आणखी तासाने धरला. चव आतपर्यंत गेली होती, उत्तम गेली होती, पण चणा आपल्या मतावर ठाम होता. मी आच वाढवली. दही फुटलं. पाणी आटलं, पुन्हा घातलं. डाव फिरवला की पातेल्याच्या बुडाशी गोट्या खेळल्यासारखा आवाज यायला लागला. कुकर नव्हता, कारण शिट्टी ऐकून ज्याला शिजलेलं कळतं तो स्वयंपाकी कसला, असं माझंच मत होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडे दोन्ही होते, पण त्यांचं आपसात जमत नव्हतं.

जेवणाच्या भोंग्याला फार वेळ उरला नव्हता तेव्हा मुलगी आत आली. तिने पातेल्यात बघितलं, वास घेतला, आणि तिला कळलं. चणा तोंडात टाकायचीही गरज पडली नाही.

"आंबटात भिजवले?"

"मुरवले," मी म्हणालो.

"आंबटात चण्याची साल घट्ट होते, बाबा. मग ते दिवसभर उकळले तरी मऊ होत नाहीत."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली, गळ्यातलं ओळखपत्र बोटांत फिरवत, आणि मग अगदी हळू म्हणाली, "कोठीत मटण आहे ना? तेच करा. माणसं भट्टीवरून येतील, त्यांना उपाशी ठेवता येणार नाही. साहेबांना मी सांगते."

मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते वाक्य हेच होतं. मटण करा. आणि ते ऐकून माझी जी गत झाली, तशी सासऱ्यांनी नकार दिला तेव्हाही झाली नव्हती. माझ्या हाताने माझ्याच पोरीची नोकरी घालवली होती, आणि तीही प्रेमाने, आलं-लसूण लावून.

"आज मटण होणार नाही, मॅडम," मी म्हणालो. "ठरलंय ना तसं."

"मग काय वाढणार?"

हे मी ठरवलं नव्हतं. पण समोर फळीवर खिमा काढायचं यंत्र होतं. चिवट गोष्ट मुरवूनही वठणीवर येत नसेल तर माझ्याकडे तेवढा एकच उपाय उरतो. मी यंत्राकडे बोट दाखवलं.

तिने यंत्राकडे बघितलं. "काल यातून काय काढलं होतं?"

"खिमा."

"मग आधी सगळे भाग सुटे करा आणि उकळत्या पाण्यात टाका. मी बाहेर फळ्यावर लिहिते, कुठल्या यंत्रातून काढलंय ते. जे मटण अजिबात खात नाहीत त्यांच्यासाठी डाळ वेगळी राहू दे."

एवढ्या धांदलीत तिला ते सुचलं. मला सुचलं नसतं; मी तर लोकांना काय काय सांगायचं नाही याचीच यादी करत होतो. पलीकडच्या शेगड्यांवरच्या माणसांना मी पहिल्यांदाच "जरा मदत करता का" असं विचारलं. दहीवाले काका माझी तब्येत बरी आहे ना म्हणून बघायला आले. मग आम्ही सगळे लागलो. यंत्र उकळून निघालं, चणे त्यातून भरड निघाले, त्यात उकडलेले बटाटे, भिजवलेला पाव, कांदा, हिरवी मिरची, आणि टिक्क्या थापून तव्यावर. आंबट तर आधीच आतपर्यंत मुरलेलं होतं. भोंगा वाजला तेव्हा पहिला घाणा उतरत होता.

लोकांनी खाल्लं. चांगलं खाल्लं. तोफेने तीनदा घेतलं आणि फळ्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे गोदामातही कळलं. बादली वजनाला लावली तेव्हा ती रोजच्यापेक्षा हलकी भरली. साहेब म्हणाले, "वस्ताद, तुम्ही तर कमाल केलीत." मी मान झुकवून कौतुक घेणार, एवढ्यात मुलगी म्हणाली, "साहेब, हा निकाल धरू नका. ठरला होता चण्यांचा रस्सा, तो झालाच नाही. आणि तेलात परतलेलं दर वेळी दिलं तर डॉक्टरांच्या गोळ्या वाढतील."

माझा घास माझ्या तोंडातून काढून घ्यायला माझीच मुलगी लागते. साहेब तिला म्हणाले, "बरं. मग सोमवारी पुन्हा. रस्साच करा. तो चालला तर तुमची योजनाही राहील आणि तुम्हीही."

घराच्या पायऱ्यांवर ती म्हणाली, "बाबा, सोमवारचे चणे पलीकडच्या शेगडीवरचे काका करतील." ती रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बायको कांदा चिरत होती. मी म्हटलं, "अगं, चणे कसे करायचे ते दाखव."

तिला सगळी हकीकत मुलीकडून कळलेली होती, आणि दोन दिवस ती हसू कुठे साठवून ठेवत होती ते तेव्हा कळलं. पदराने डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "दाखवीन. पण मध्ये बोलायचं नाही, आणि मी सांगेपर्यंत चाखायचं नाही. वस्तादी त्या दाराबाहेर ठेवायची."

ठेवली. चणे तिने रात्रीच भिजत घातले होते, म्हणजे मी येणार हे तिने धरलेलंच होतं. पाणी बदललं, चिमूटभर सोडा टाकला, झाकण ठेवलं, आणि मला स्टुलावर बसवून पालेभाजी निवडायला लावली. मी तीनदा झाकणाकडे हात नेला. तीनदा तिने नुसतं बघितलं. मग तिने एक चणा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "दाबा." तो दोन बोटांत लोण्यासारखा दबला. मग कांदा-लसणाची फोडणी, थोडे चणे ठेचून रस्सा दाट करायला, वरून पालेभाजी, आणि शेवटी, अगदी शेवटी, लिंबू.

ती ताट वाढायला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरात माझं ताट कुठलं हे मला ठाऊक नाही. मी रोज कॅन्टीनमध्ये चाखत चाखत पोट भरून यायचो. संध्याकाळी डब्यात रस्सा आणायचो आणि तो त्याच डब्यात खायचो. सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवशीचा. मायलेकी आपलं आपलं करून खायच्या. मी त्याला चारा म्हणायचो, आणि हा विनोद सगळ्यांना आवडतो असं समजायचो.

जेवलो. दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग विचारलं, "हे असं कधीपासून करतेस?"

"लग्न झाल्यापासून."

"मला कधी वाढलं नाहीस ते."

ती म्हणाली, "भरल्या पोटाने घरी येणाऱ्याला कोण वाढतं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती उठून मुलीसाठी वेगळं काढून ठेवायला लागली. मला खूप वाईट वाटलं, आणि भूकही होती, म्हणून तिसऱ्यांदा घेतलं.

सोमवारी मी मुलीला म्हणालो, "मॅडम, चणे काकांनाच करू द्या. मी फक्त त्यांच्या बाजूला उभा राहतो." तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मी खरंच उभा राहिलो. दोनदा हळूच सांगितलं, "काका, लिंबू अजून नाही." काकांनी असं बघितलं की मी पातेलं घासायला गेलो असतो.

लोक आले, वाढून घेतलं, बसले. जेवणघरात जो आवाज रोज असतो तो कमी झाला, कारण माणसं खात होती. मुलगी खिडकीपाशी उभी होती, एका हाताने ओळखपत्र फिरवत. साहेबांनी ताट संपवलं आणि बादलीकडे गेले. काट्याकडे बघून त्यांनी तिला नुसती मान हलवून होकार दिला आणि म्हणाले, "दर सोमवारी आणि गुरुवारी. तुमचं नोकरी कायम झाल्याचं पत्र उद्या मिळेल." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मीही भांड्यांकडे फिरवलं, कारण आमच्या घरात सगळ्यांचं रडणं एकाच वेळी येतं.

तेवढ्यात तोफ रिकामं ताट घेऊन आला. "वस्ताद, आज मटण नाहीच ना?"

"नाही."

"मग हेच परत वाढा." मी वाढलं. तो तिथेच उभ्याउभ्या खायला लागला आणि सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही इथे जेवतोय. हे असलं काही होतं कुठे एवढे दिवस?"

"माझ्या घरी," मी म्हणालो.

"आणि तुम्ही ते आज सांगताय?"

"मलाही कालच कळलं."

तोफ खो खो हसत आपल्या बाकाकडे गेला. त्याला ती थट्टा वाटली.